खाडा

हातातली जिलबी अर्धी संपली होती, आणि ती आपण कधी घेतली हे मनकर्णाला काही केल्या आठवेना. नगरच्या दिल्ली दरवाजाच्या अलीकडे, हलवायाच्या दुकानासमोर ती उभी होती. डाव्या हातात कागद, कागदात आणखी दोन जिलब्या, बोटं चिकट. जिभेवर गोडवा होता, म्हणजे खाणारी तीच होती. पण घरातून ती, बऱ्याच दिवसांनी, निघाली होती किल्ल्याच्या खंदकाला फेरी मारायला. त्यासाठी मुद्दाम घेतलेले पांढरे कापडी बूट तिच्या पायांत होते, आणि साडीखालचे ते बूट बघून गल्लीतल्या पोरी अजून तोंडाला पदर लावून हसत. मग वाटेत काय झालं? कडब्याची एक गाडी दिसली होती, एवढं तिला आठवत होतं. गाडी जनावरांच्या छावणीकडे चालली होती, वर गाडीवान झोपलेला, आणि मागून एकेक पेंढी सुटायच्या बेतात. त्याला हाक मारावी म्हणून ती गाडीमागे गेली. मग पेंढीतून गळणाऱ्या धाटांकडे बघत राहिली, धाटांवर ऊन कसं सरकतं ते बघत राहिली. गाडी कुठेतरी वळली, आणि तापलेल्या तुपाचा वास आला. तिथून पुढचं काहीच नाही. मधला एवढा तुकडा कुणी अलगद कापून नेला असावा तसा तो नव्हताच. तिने उरलेली अर्धी जिलबीही खाऊन टाकली, कारण आता ठेवून तरी काय करायचं होतं.

उद्या डॉक्टरांकडे जायचं होतं. हेही तिला तिथे, जिलबी संपल्यावर आठवलं.

कापड बाजारातले डॉक्टर बोलायला मऊ होते. उन्हाळ्यात पहिल्यांदा ती गेली तेव्हा त्यांनी तिच्यासमोरच काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात तिच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता ते विटकरी झालं. मनकर्णा रंग बघण्यात इतकी रमली की ही आपलीच साखर आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. केवढं सुंदर, असंच तिला वाटलं. डॉक्टर सांगत होते, भात बंद, साखर-गूळ बंद, बटाटा बंद, भाकरी मोजकी, पालेभाजी भरपूर, जेवण वेळेवर, गोळी वेळेवर आणि रोज भरभर चालायचं. दिवाळीनंतर पुन्हा बघू, नाही उतरली तर रोजचं इंजेक्शन. तिने मान हलवली. मनापासून हलवली, हे मात्र कुणी कधी मानलं नाही. वय तिचं चौतिशीचं, दिसायला धडधाकट, आणि दुष्काळाचं वर्ष. लोक रेशनच्या मिलोवर, त्या परदेशी लाल ज्वारीवर, दिवस काढत होते, आणि हिला डॉक्टर कमी खा म्हणत होते. बाजारात पालेभाजी म्हणून मिळायची ती दोन सुकलेल्या काड्यांची जुडी. तिला सगळ्याचीच लाज वाटे.

भीती नव्हती असं नाही. तिची आई बनुबाई याच दुखण्याने गेली होती. भिंगारला राहायची. अंगठ्याला बाभळीचा काटा लागल्याचं निमित्त झालं, अंगठा काळा पडला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय गेला. नंतर आई ओट्यावर बसून, पाय नव्हता त्या जागेवरून हात फिरवायची आणि म्हणायची, मना, इथं लई खाजतंय गं. मनकर्णा खरंच तिथल्या हवेत बोटं फिरवायची आणि आईला बरं वाटायचं. आईचंही सगळं असंच. चुलीवर कालवण ठेवून राघूंचा थवा बघायला बाहेर जायची, ती शेजारणीच्या अंगणात सापडायची. गोधडी शिवायला घेतली की अर्ध्यावर दुसरी सुरू, घरात अर्ध्या गोधड्यांची चळत. तिलाही गूळ बंद होता, आणि ती गूळ खायची ते चोरून नव्हे, विसरून. वडील ओरडले की दचकून हातातल्या खड्याकडे बघायची. आज जिलबीकडे बघताना आपला चेहरा तसाच झाला असेल, असं मनकर्णाला वाटलं. पण भीतीसुद्धा तिच्याजवळ टिकत नसे. सकाळी आईचा पाय आठवून हातपाय गार पडायचे आणि दुपारी, कुणाच्या तरी बढतीचे पेढे फिरत असताना, ती दुसराच विचार करत पेढा तोंडात टाकायची. कशाचीही सवय व्हायला आधी ते आठवावं लागतं. तिची सगळी मारामार तिथेच होती.

नवरा सहादेव एस. टी. स्टँडवर कंट्रोलर. गाडी कितीला लागली, कितीला सुटली, हे दिवसभर बघणारा माणूस घरातही घड्याळासारखाच वागायचा. माणूस वाईट नाही. सुरुवातीला त्याने हौसेने सगळं बसवून दिलं, गोळीची बाटली चहाच्या डब्याशेजारी ठेवली, उठवायला गजराचं घड्याळ आणलं, भाकऱ्या मोजून टोपलीत ठेवल्या. तुझं डोकं म्हणजे आमचा माळीवाड्याचा स्टँड, सगळ्या गाड्या एकाच फलाटाला, असं म्हणून हसायचा. पण गजर बंद करून ती खिडकीत बसून राहायची आणि गोळी राहायची. वर्षानुवर्षं हेच. शिवणाचा क्लास, हिंदीच्या परीक्षा, तुळशीला पाणी, गुरुवारचा उपास, सगळं तिने झोकात सुरू केलं आणि एक दिवस खाडा पडला की तिथेच सोडलं. खाडा पडला की तिला त्या वस्तूकडे बघवायचंच नाही. शिवणाचं मशीन तिने चादरीखाली झाकून ठेवलं होतं ते त्यामुळेच. आठ दिवसांपूर्वी सहादेवने टोपलीतल्या मोजलेल्या भाकऱ्या तशाच बघितल्या, बाहेर पडवीत भेळेचा कागद बघितला, आणि शांतपणे म्हणाला, "तुला पडलेलंच नाही, मना." तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर त्याने भाकऱ्या मोजणं बंद केलं.

पडलेलं नाही कसं? तिला एवढं पडलेलं होतं की त्यानेच थकवा यायचा. आणि गंमत अशी की ज्या डोक्याला घरात दूध उतू गेलेलं दिसत नसे, तेच डोकं नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळ्यांत हुशार समजलं जाई. बोर्डावर प्रत्येक गावाचं एक भोक आणि त्यावर पत्र्याचं लहानसं झाकण. गावाने हाक मारली की झाकण खट्कन पडे, मग त्या भोकात तारेची दोरी घालून लाइन जोडायची. नेवासा पडलं, पाथर्डी पडलं, पारनेर पडलं, संगमनेरचा गुळाचा व्यापारी पुण्यासाठी ओरडतोय, तहसीलदार टँकरसाठी ओरडतोय. बाकीच्या बायका घामाघूम व्हायच्या. मनकर्णाचे हात दोऱ्या घेऊन फिरायचे आणि तिला आत थंडगार वाटायचं. जगात जे जे एकदम हाक मारतं त्या सगळ्याला ओ द्यायची इथे परवानगी होती, नव्हे पगार होता. सुपरवायझर म्हणायचे, बाई, तुम्ही जन्माला याच खुर्चीत आलात. खुर्चीतून उठलं की मात्र पंचाईत. रस्त्यावरही सगळी झाकणं पडतच राहायची, सायकलची घंटी, भिंतीवरचं पोस्टर, कुणाच्या तरी घरातला खोकला, कडब्याची गाडी. एकदा तर नळावर कुणीतरी हाक मारली आणि तिच्या तोंडून निघालं, "नगर, बोला." बायका दिवसभर हसल्या.

सकाळच्या पाळीला बोर्ड हाती घेतला की आधी सगळ्या लाइनी तपासायच्या, असा नियम. एकेका गावाला हाक मारायची, आवाज कसा येतो विचारायचं, पुढे जायचं. राहुरीच्या बोर्डावर फरीदा असायची. पाच-सहा वर्षं रोज बोलत असून दोघींनी एकमेकींना बघितलं नव्हतं. एकमेकींना हाक मारायची तीही गावाच्या नावाने. डॉक्टरांकडून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी फरीदानेच विचारलं, नगर, आवाज साफ हाय पन तू कुठं हायेस? मनकर्णाने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. नळीतल्या रंगांचंही सांगितलं. फरीदा म्हणाली, मंग मी बी चालत जाईन पाटाच्या कडंनं, बसून बसून मीबी लई जड झालीय, आनि रोज सकाळी इचारीन तुला. एवढंच. ती रोज विचारू लागली. लाइन तपासून झाली की खालच्या आवाजात, "चाललीस? भाकरी आनलीस?" मनकर्णा सांगायची. पलीकडून फरीदा सांगायची, पाट कोरडा हाय, तळाला भेगा पडल्यात, पन कडंची वाट सावलीची हाय. दोघींचं मिळून मिनिटभरही होत नसे.

आणि ते जमू लागलं. कसं ते तिलाही कळेना. सकाळी डोळा उघडला की आईचा पाय आठवत नसे, डॉक्टर आठवत नसत. आठवायचं ते हे, की आता राहुरी विचारील. मग पाय आपोआप बुटांत जायचे. खंदकाच्या कडेने चालताना तिला वाटे, तिकडे, डोंगराच्या पलीकडे, कोरड्या पाटाच्या काठाने दुसरी एक बाई याच वेळी चालतेय, आणि आपल्या दोघींच्या मध्ये खांबांवरून तार चाललीय. त्या बाईचा चेहरा तिने कितीदा तरी बनवला. एक दिवस नाक लांब, एक दिवस आखूड, पण चाल नेहमी एकसारखी, न थांबणारी. फरीदा टिकणाऱ्या जातीतली, याबद्दल तिला शंका नव्हती. तिच्या मागोमाग चालायचं, बस. एकदा खंदकापाशी दुष्काळी कामावर निघालेल्या बायकांचा घोळका भेटला. टोपल्या, हातोड्या, पोरं कडेवर. त्यांतली बायडाबाई नावाची एक म्हातारी तिच्या बुटांकडे बघत राहिली. कुठल्या कामावर, असं तिने विचारलं. मनकर्णा म्हणाली, कामावर नाही, चालायला. "चालायला म्हंजी कुटं?" कुठेच नाही, फिरून परत इथेच, असं मनकर्णा म्हणाली. बायडाबाई हसली नाही. तिने बराच विचार केला आणि मग, अंगात काय दुखनं हाय का बाई, असं इतक्या मायेने विचारलं की मनकर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. बायका खडी फोडायला निघून गेल्या, आणि ती त्यांच्या पाठमोऱ्या रांगेकडे बघत उभी राहिली. त्या दिवशीची फेरी अर्धीच झाली, पण फरीदाला तिने तीही सांगितली, आणि अर्धी बी चालंल, असं फरीदा म्हणाली.

मग दिवाळी झाली, आणि त्याच आठवड्यात तार चोरीला गेली. राहुरीच्या वाटेवर, देहऱ्याच्या पुढे, खांबांवरची तांब्याची तार कुणीतरी एका रात्रीत गुंडाळून नेली. दुष्काळात असल्या चोऱ्या नव्या नव्हत्या. राहुरीची लाइन मेली. राहुरीचे कॉल आता श्रीरामपूरवरून जात, मध्ये श्रीरामपूरचा ऑपरेटर, सर्दी झालेला, सगळं ऐकत बसलेला. त्या तिसऱ्या कानातून चाललीस का, खाल्लंस का, असं विचारायचं म्हणजे भर बाजारात वेणी घालण्यासारखं. तिने विचारलं नाही, तिकडूनही कुणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी ती चालली, सवयीने. दुसऱ्या दिवशी निघाली आणि कुणाच्या तरी अंगणातली रांगोळी बघत राहिली. तिसऱ्या दिवशी बूट सापडले नाहीत, ते खाटेखाली होते. मग दिवाळीचं उरलेलं संपवायला नको का, म्हणून एक शंकरपाळी, मग मूठभर. मग भाकरी घरीच राहिली आणि दुपारी भेळ आली. खाडा पडला, आणि खाड्यामागून ती नेहमीची गोष्ट आली, आता काय उपयोग. सहादेवचं ते वाक्य याच दिवसांतलं. एवढं एकच काम मात्र तिने सोडलं नव्हतं, कारण ते नियमात होतं. बंद लाइनही रोज सकाळी तपासायचीच असते. ती राहुरीच्या भोकात दोरी घालायची आणि हाक मारायची. राहुरी. राहुरी. कानात काहीच यायचं नाही, गुंजारवही नाही, विहिरीत वाकल्यावर लागतो तसा गार शुकशुकाट. नियमाने एकदा हाक मारली की पुरे होती. ती तीन-चारदा मारायची, आणि मग नेवाशाकडे वळायची.

आज, उरलेल्या दोन जिलब्या एका कुत्र्यापुढे टाकून ती एक्स्चेंजकडे चालू लागली तेव्हा तिचं ठरलं होतं. उद्या डॉक्टरांकडे जायचं नाही. नळी विटकरी होणार हे नळीला विचारायची गरज नव्हती. सहादेवला सांगायचं, सुट्टी मिळाली नाही. डॉक्टरांना काही सांगायचं नाही, त्यांच्याकडे असे किती येतात आणि येईनासे होतात. शिवणाच्या मशीनवर घातली तशी एक चादर यावरही घालायची. ठरल्यावर फार हलकं वाटलं. रस्ता उन्हात तरंगत होता, टांग्याचा घोडा मान हलवत होता, आणि आपण या सगळ्यातून कुठे न पोचता अशाच जात राहू, हळूहळू एकेक तुकडा गळत, आधी अंगठा, मग पाऊल, आणि शेवटी कुणीतरी आपल्यासाठी हवेत खाजवील, असं तिला वाटत राहिलं. त्या विचारात दुःख फारसं नव्हतं. गुंगी होती. एक्स्चेंजच्या पायऱ्या चढताना तिला पहिल्यांदा गुंगीची भीती वाटली.

बोर्ड हाती घेतला. पारनेर बोललं, पाथर्डी बोललं. मग राहुरी. तिने दोरी घातली आणि लक्ष न देता हाक मारली, आणि कानात एकदम खरखर भरली.

"नगर? नगर, तूच हायेस का?"

तार जोडली होती, कधी कुणास ठाऊक. फरीदा पलीकडून आवाज कसा येतो ते विचारत होती, नियमाप्रमाणे. स्वच्छ, असं मनकर्णा कसंबसं म्हणाली. मग ती वाट बघत राहिली, आता विचारील, आणि आता खोटं सांगायचं की खरं. फरीदाने विचारलं नाही. शेवटी मनकर्णाच म्हणाली, "नाही चालले. जिलबी खाल्ली. सगळंच सुटलं."

फरीदा म्हणाली, "माजंबी सुटलं. तार गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी." मग म्हणाली, "मला कुटं काय आजार हाय? तू चालतीस म्हनून मी उटत हुते. मला वाटायचं, नगर लई नेमाची बाई हाय."

मनकर्णाला हसू आलं. एवढ्या दिवसांत जिच्या मागोमाग ती चालत होती ती बाई तिच्याच मागोमाग चालत होती. पुढे कुणी नव्हतंच.

"रोज हाक मारत होते मी," ती म्हणाली. "बंद लाइनीवर."

"मी बी," फरीदा म्हणाली. "एक दिस चुकवला न्हाई."

सुपरवायझर खाकरले. नेवाशाचं झाकण पडलं, मग पारनेरचं. मनकर्णाने दोन्ही दोऱ्या लावल्या, पण राहुरीची काढली नाही. उद्या डॉक्टरांकडे जाणार आहे, असं तिने घाईघाईत सांगितलं, आणि ते सांगून झाल्यावर तिला कळलं की आता जावं लागणार.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती गेली, चालत गेली. नळी विटकरी झाली. डॉक्टरांना तिने तार चोरीला गेल्याचं सांगितलं. त्यांना त्याचा संबंध लागला नाही, पण त्यांनी ऐकून घेतलं आणि इंजेक्शन लिहून दिलं. रोज सकाळी दवाखान्यात यायचं, कंपाउंडर देईल. कंपाउंडरने सुई उकळत्या पाण्यातून काढली तेव्हा तिने डोळे मिटले आणि मिटल्यामिटल्या तिला वाटलं, संपलं, इथपर्यंतच होतं सगळं. सुई टोचली. दुखलं, फार नाही. बाहेर आली तर कापड बाजारात दुकानांच्या फळ्या निघत होत्या, पांढऱ्या कापडाचं एक ठाण कुणीतरी उन्हात झटकत होतं, आणि संपलेलं काहीच दिसत नव्हतं. ती ठाणाकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मग घरी जाऊन तिने भाकरी मोजून खाल्ली. सहादेवने बघितलं. भाजीची वाटी त्याने तिच्याकडे सरकवली.

त्याच्या पुढच्या सकाळी तिने राहुरीला हाक मारली. आवाज स्वच्छ होता. इंजेक्शन लागलं, असं तिने सांगून टाकलं. फरीदा हळूच म्हणाली, आता चालून तरी काय करतीस. आपल्या तोंडात वर्षानुवर्षं राहिलेलं हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून इतकं पोकळ ऐकू येतं, हे मनकर्णाला ठाऊक नव्हतं.

"चालले मी आज," ती म्हणाली. "निम्मा वेळ एका भिंतीवरची मांजर बघत होते. पण चालले. तू?"

तारेत खरखर झाली.

"न्हाई उटले," फरीदा म्हणाली. "आता माज्यानं न्हाई हुयाचं, नगर. येकदा सुटलं की सुटलंच."

नेवाशाचं झाकण पडलं. पाथर्डीचं पडलं, श्रीगोंद्याचं पडलं. मनकर्णाचा हात दोऱ्यांवर गेला आणि तिथेच थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच पडलेल्या झाकणांकडे तिने पाठ फिरवली.

"उद्या ऊठ," ती म्हणाली. "मी विचारणार आहे."